सगळे पीक घेणारा ग्राहक

आमच्या आजी मेथीची जुडी निवडायला बसल्या की खिडकीजवळचीच जागा घेत. प्रत्येक पान उजेडाकडे धरायचे, उलटून मागची बाजू पाहायची आणि अळी दिसलीच तर त्या पानासकट तिला परसातल्या झाडाखाली नेऊन ठेवायचे. एका जुडीला तास लागे. या कामाला त्या भाजी निवडणे म्हणत नसत, जयणा म्हणत. आता तीच जुडी पाच मिनिटांत निवडून होते. पानाला छिद्र नाही, देठाला डाग नाही, अळीचा मागमूस नाही. गृहिणीला हायसे वाटते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु अळी आपल्या हातून मेली नाही एवढाच याचा अर्थ. ती शेतात आधीच मेलेली असते, आणि तिच्यासोबत मधमाशी, गांडूळ व मातीतले असंख्य जीव गेलेले असतात.

विष तेवढ्यावरही थांबत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. ती औषधे कोणत्या ना कोणत्या दुकानातून गेली होती. कृषी केंद्रे चालविणारी कुटुंबे आपल्याही समाजात आहेत, हे येथे न लपविता लिहिलेले बरे.

जपानमधील गृहिणींपुढे हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी वेगळ्या वाटेने आला. तो देश आपल्याला अगदीच परका नाही. हिरे व मोती यांच्या व्यापारानिमित्त कोबे शहरात स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी तेथील कितानो भागात भगवान महावीरस्वामींचे मंदिर उभारले, त्याला १९८५ पासूनचा काळ लोटला आहे. मात्र प्रस्तुत लेखाचा विषय त्या बंदराचा नसून जपानी खेड्यातील हेक्टर-दोन हेक्टरच्या कौटुंबिक शेतीचा आणि तिच्याशी करार करणाऱ्या ग्राहकांचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने शेतीतील रसायनांचा वापर झपाट्याने वाढविला. भातावरील रोगासाठी पाऱ्याची संयुगे असलेली भुकटी वर्षानुवर्षे उधळली गेली. मिनामाता येथे कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने माणसे कशी पांगळी केली, हेही त्याच काळात जगाने पाहिले. १९७१ मध्ये डीडीटी व बीएचसी यांच्या विक्रीवर तेथे बंदी आली. १९७४ पासून ‘आसाही शिंबुन’ या दैनिकात सावाको आरियोशी या लेखिकेची ‘फुकुगो ओसेन’ ही लेखमालावजा कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. अन्न, पाणी व हवा यांतील निरनिराळी विषे एकत्र आल्यावर काय होते, हा तिचा विषय. त्या लेखनाने शहरी स्वयंपाकघरे हादरली आणि भाजीच्या पानावरील छिद्राकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

या चळवळीला आकार देणारा माणूस सहकार क्षेत्रातला होता. तेरुओ इचिराकू यांचे आयुष्य सहकारी पतपुरवठा व सहकारी संस्थांच्या अभ्यासात गेले होते. १९७१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने जपान सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली. शेतकरी एकटा विषमुक्त शेती करू शकत नाही, कारण बाजार त्याच्या मालाला रूपावरून भाव देतो, हे त्यांनी ओळखले होते. वाकडी काकडी, लहान टोमॅटो, किडीने चावलेला कोबी हे सारे बाजारात ‘हलका माल’ ठरते. तेव्हा बदलायचा तो केवळ शेतकरी नव्हे, घेणाराही. यातून जी पद्धत उभी राहिली तिला ‘तेइकेई’ म्हणतात. हातात हात घेणे, भागीदारी करणे असा या शब्दाचा आशय आहे. शेतकऱ्यांचा एक गट आणि शहरातील कुटुंबांचा एक गट थेट एकमेकांशी बांधले जातात.

१९७८ मध्ये संघटनेने या पद्धतीची दहा तत्त्वे निश्चित केली. त्यांतील दोन वाचताना व्यापारी कुटुंबात वाढलेल्या माणसाने थबकावे अशी आहेत. पहिले असे की, ठरवून पिकविलेला सगळा माल ग्राहकाने घ्यायचा. मुळे भरपूर आले तर महिनाभर मुळे. पावसाने पालेभाजी सडली तर त्या आठवड्यात टोपली रिकामी. निवडून घेण्याचा हक्क ग्राहक सोडून देतो. दुसरे तत्त्व भावाचे. प्रतवारी, वर्गवारी व वेष्टन यांचा खर्च वाचल्याचा विचार शेतकऱ्याने करायचा आणि आपल्याला निर्धोक अन्न मिळते याचा विचार ग्राहकाने. मग दोघांनी बसून दर ठरवायचा. त्या दिवसाच्या बाजारभावाशी त्याचा संबंध नाही. माल पोहोचविण्याचे कामही दोघांनी वाटून घ्यायचे.

या रचनेत आडत्या नाही, तोलाई नाही, हमाली नाही, घाऊक नाही, किरकोळ नाही. आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जे काम केले, ते काम असलेली जागाच तेथे पुसून टाकलेली आहे. हे वाचून प्रथम मनात थोडा राग आला, हे कबूल करतो. शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी उचल कोणी दिली? पडत्या भावात माल कोणी साठवून ठेवला? पण राग ओसरल्यावर असेही दिसते की, आपल्या पेढीवर माल उघडून मूठभर दाणे तळहातावर घेऊन जो भाव आपण सांगतो, त्यात त्या दाण्यामागच्या फवारण्या कधीच मोजल्या जात नाहीत. वहीत त्यासाठी रकानाच नाही.

तत्त्वे कागदावर सुंदर दिसतात. ती माणसांच्या हाती गेल्यावर काय होते, हे पाहण्यासाठी ओगावा या गावी जावे लागते. तोक्योच्या वायव्येला सायतामा प्रांतात, डोंगरांच्या कुशीतले हे जुने गाव हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. तेथील शिमोसातो वाडीतील योशिनोरी कानेको या तरुणाने १९७१ मध्ये घरच्या शेतावर रसायने बंद केली. जमीन सुमारे तीन हेक्टर. भात, गहू, सोयाबीन, साठाहून अधिक प्रकारच्या भाज्या, थोड्या गाई व कोंबड्या. शेणापासून जैववायू, त्याच्या मळीपासून खत, पुढे ट्रॅक्टरसाठी वापरलेले खाद्यतेल. टोपलीत अंडी व कंदमुळेही असत. आपल्या घरी ती चालणार नाहीत, पण शेताचे चक्र समजून घ्यायला त्याची अडचण होऊ नये.

आपली शेती किती कुटुंबांना पोसू शकेल याचा हिशेब त्यांनी मांडला आणि १९७५ मध्ये दहा कुटुंबांशी करार केला. दरमहा ठरलेली वर्गणी, त्या बदल्यात शेतात येईल ते अन्न. दोनच वर्षांत हा करार मोडला. कारण कोणत्याही व्यापाऱ्याला सहज समजेल असे होते. वर्गणी दिली म्हणताच घेणारा तोलू लागला की, एवढ्या पैशांत बाजारात किती आले असते. आणि आपली मेहनत कवडीमोल केली जाते असे देणाऱ्याला वाटू लागले. आदर्शाच्या पोटात पुन्हा बाजारच शिरला होता.

त्यानंतर कानेको यांनी जे केले ते धाडसाचेच म्हणावे लागेल. त्यांनी दर लावणेच सोडून दिले. काही कुटुंबांना ते शेतातील अन्न नेऊन देत आणि ती कुटुंबे आपल्या मनाला व ऐपतीला योग्य वाटेल तेवढी रक्कम कृतज्ञता म्हणून देत. किती द्यायचे हे घेणाऱ्याने ठरवायचे. ही व्यवस्था वर्षभर नव्हे, दशकानुदशके चालली. आपल्याकडे साधु-साध्वींना गोचरी देताना कोणी तोलत नाही, त्याची आठवण येथे होते; पण ते दान आहे आणि हा उपजीविकेचा व्यवहार होता. पोटासाठी पिकविणारा माणूस भावाची चावी दुसऱ्याच्या हाती देतो, हे मला अजूनही पूर्णपणे उमगलेले नाही.

वाडीतील इतर शेतकऱ्यांनाही ते उमगले नसावे. शेजारच्या शेतात रसायने चालूच राहिली. जवळपास तीस वर्षे त्या वाडीत कानेको हे वेगळ्या वाटेचे गृहस्थ म्हणून राहिले. शिकायला मात्र दुरून तरुण येत. वर्षभर राहून काम करीत आणि त्यांतले काही त्याच परिसरात जमीन कसू लागले. अशा शिकाऊ शेतकऱ्यांची संख्या शंभराच्या वर गेली.

वाडी बदलली ती या शतकाच्या आरंभी, आणि ती बदलण्यात व्यापाऱ्याचा हात होता. जवळच्या गावातील सोयाबीनचे पनीर, म्हणजे तोफू, बनविणाऱ्या एका व्यावसायिकाने वाडीतील शेतकऱ्यांना सांगितले की, रसायनांविना स्थानिक वाणाचे सोयाबीन पिकवा. आलेले सगळे मी घेईन, रोखीने घेईन आणि पुढचा हंगाम उभा राहील असा भाव देईन. तत्त्वज्ञानाने तीस वर्षांत जे साधले नाही ते या तीन वाक्यांनी साधले. ज्येष्ठ शेतकरी वळले. सोयाबीननंतर गहू, मग भात. यंत्रे सामाईक वापरण्यासाठी वाडीचा सहकारी गट होताच. त्याच गटाने आता बांध, पाट व कामाचे वेळापत्रक एकत्र सांभाळले. भाताच्या पाण्याला बांधाबांधांची सीमा नसते. वरच्या खाचरातले औषध खालच्या खाचरात उतरते. म्हणूनच एकट्याची सेंद्रिय शेती अर्धीच राहते आणि वाडीची पूर्ण होते. २००९ मध्ये घरांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या ओकुता या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी या वाडीचा सेंद्रिय तांदूळ एकगठ्ठा घेण्यास सुरुवात केली. पुढच्याच वर्षी ग्रामविकासातील कामासाठी शिमोसातोला सम्राट चषक हा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

सगळीकडे असे घडले असे मात्र नाही. तेइकेईचे अनेक गट गेल्या काही दशकांत क्षीण झाले. टोपल्या उतरवून वाटून घेणाऱ्या गृहिणी नोकरीला जाऊ लागल्या, सुरुवातीचे सदस्य वृद्ध झाले, घरपोच सेंद्रिय माल देणाऱ्या कंपन्या आल्या. २००१ पासून सरकारी प्रमाणपत्राविना मालावर ‘सेंद्रिय’ असा शिक्का मारता येईना; परस्परांच्या ओळखीवर चाललेल्या शेतकऱ्यांना तो कागद परवडणाराही नव्हता आणि गरजेचाही वाटत नव्हता. २०११ मध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली, तेव्हा त्या भागातील सेंद्रिय शेतकऱ्यांना अनेक जुन्या ग्राहकांनी सोडले. लेकरांच्या काळजीने सोडले, त्यांना दोष कसा द्यावा? तरीही वर्षानुवर्षे मातीत कंपोस्ट घालणाऱ्यांचे काय झाले असेल, हा विचार मनातून जात नाही. आजही जपानच्या एकूण शेतजमिनीत सेंद्रिय शेतीचा वाटा एक टक्क्याहून कमी आहे.

आपल्याकडे परस्परांच्या ओळखीला कागदाची जोड देण्याची सोय आहे. ‘सहभागी हमी पद्धती’, म्हणजे पीजीएस, या व्यवस्थेत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट बनतो; गटातील शेतकरी एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि एकमेकांची हमी घेतात. एकाने चोरून फवारले तर साऱ्या गटाची साख जाते. साख म्हणजे काय, हे व्यापारी घरात समजावून सांगण्याची गरज नाही. अडचण आहे ती मधल्या काळाची. रसायने सोडल्यापासून पूर्ण मान्यता मिळेपर्यंत दोन-तीन वर्षे जातात. त्या काळात उत्पन्न बहुधा घटते आणि भाव मात्र साध्या मालाचाच मिळतो. बहुतेक लहान शेतकरी येथेच माघार घेतात. अनुदान येते, पण माल घेणारा ठरलेला नसतो.

कानेको यांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांचे शेत आता पुढची पिढी सांभाळते.

हे सारे मी एका रविवारी बाबांना वाचून दाखविले. चाळीस वर्षे त्यांनी धान्याची आडत केली आहे. दर न लावण्याची गोष्ट ऐकून ते नुसते हसले. तोफूवाल्याच्या तीन वाक्यांपाशी मात्र त्यांनी मला थांबविले आणि ती पुन्हा वाचायला लावली. मग विचारले, “माल हलका निघाला तर?”

“तरी घ्यायचा,” मी म्हणालो.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर उठून त्यांनी गेल्या हंगामाची वही काढली, तुरीच्या पानांवरून बोट फिरवीत गावांची नावे पाहिली आणि म्हणाले, “एका गावाची तूर घेऊन बघू. पाच घरे तरी एका विचाराची हवीत. उद्या फोन नको करूस, आपण जाऊनच येऊ.”