पाऊस नुसता दिसून भागत नाही

व्हिडिओ गेमबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं ते बहुतेक मुलांचं व्यसन आणि ग्राफिक्सची नवलाई या दोन विषयांभोवती फिरतं. पडद्यावरची एखादी जागा खरी का वाटते, तिथे थांबावंसं का वाटतं, तिथल्या अंधाराची भीती अंगावर का येते, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. मला हाच प्रश्न कळीचा वाटतो. खेळाचं वातावरण ही नियमांवर मागाहून चढवलेली सजावट मानली जाते. प्रत्यक्षात चांगल्या खेळात ते नियमांच्या आतच विणलेलं असतं, आणि ते यंत्राच्या ताकदीपेक्षा एखादी जागा जवळून ओळखण्यातून येतं. हे म्हणणं तपासायला ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे तालुके फार उपयोगी आहेत. ते ज्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहेत तिचं चित्रण जगभर खेळल्या गेलेल्या एका गेममध्ये आधीच होऊन गेलं आहे, आणि घाट चढून पलीकडे गेलं की पुण्यात गेम बनवणारे स्टुडिओही आहेत.

तो गेम म्हणजे नॉटी डॉग या अमेरिकी स्टुडिओचा 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी'. तो २०१७ च्या ऑगस्टमध्ये आला. क्लोई फ्रेझर आणि नादिन रॉस या दोघी गणेशाचा सुळा शोधत होयसळांच्या हरवलेल्या नगरीकडे निघतात. चौथ्या प्रकरणाचं नावच 'द वेस्टर्न घाट्स' आहे, आणि त्यात खेळणाऱ्याला जीप देऊन मोकळं सोडलं आहे. ओला खडक, चिखल, धबधबे, पानांतून झिरपणारा उजेड, सगळं विलक्षण देखणं आहे. पण या घाटात शत्रूचे बंदूकधारी सोडले तर माणूस नाही. खाचर नाही, पाडा नाही, चरायला सोडलेली गुरं नाहीत. खरं बेलूर आणि हळेबीडू ही कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातली नांदती गावं आहेत. बेलूरच्या चेन्नकेशवाची पूजाअर्चा आजही चालू आहे, आणि २०२३ मध्ये ही मंदिरं जागतिक वारसा यादीत गेली. गेममध्ये मात्र सगळं मोडून पडलेलं आणि विसरलेलं आहे. डोळ्यांना सह्याद्री मिळतो, पण तिथे कुणी राहतं याची कसलीच खूण मिळत नाही. कोट्यवधी डॉलरचा खर्च आणि अतिशय कुशल कलाकार हाताशी असतानाही ही उणीव राहून जाते, कारण ती तांत्रिक उणीव नाहीच.

मग वातावरण नेमकं कशातून घडतं? 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) या निन्टेन्डोच्या गेमचं उदाहरण मला सर्वांत नेमकं वाटतं. तिथे पाऊस आला की कडा चढताना हात निसटतात, पेटवलेला विस्तव विझतो, आणि गडगडाट सुरू झाल्यावर अंगावर धातूची वस्तू असेल तर वीज पडते. खेळणारा आकाशाकडे बघून बेत बदलतो. पाऊस दिसायला कसा आहे यापेक्षा तो काय करायला लावतो आणि काय करू देत नाही, यातून ती जागा मनात ठसते. सिनेमात हे होऊ शकत नाही. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) पाऊस अखंड कोसळतो आणि त्याची ओल प्रेक्षकाच्या मनात उतरते, पण त्या पावसात पाय कुठे टाकायचा हे प्रेक्षकाला ठरवावं लागत नाही. गेममध्ये ते ठरवावं लागतं, म्हणून गेममधला पाऊस नुसता दिसून भागत नाही.

हीच कसोटी शहापूरच्या जंगलाला लावून पाहावी. तानसा अभयारण्याच्या आणि माहुलीच्या आसपासचं रान पानगळीचं आहे, साग आणि ऐनाचं. सागाची पानं उन्हाळ्याच्या तोंडावर गळतात, आणि सुपाएवढं ते वाळलेलं पान पायाखाली आलं की त्याचा आवाज लांबवर जातो. चैत्रात या रानातून कुणी गुपचूप चालू शकत नाही. श्रावणात तेच पान कुजून मातीला मिळालेलं असतं आणि वरून सरींचा आवाज चालू असतो, त्यामुळे पावलं ऐकू येत नाहीत, मात्र दहा हातांपलीकडचं दिसतही नाही. म्हणजे एकाच रानात उन्हाळ्यात कान तीक्ष्ण आणि नजर लांब, पावसाळ्यात दोन्ही आखूड. लपतछपत पुढे सरकण्याच्या कुठल्याही खेळाला इतका सुंदर नियम निसर्गाने आयता दिलेला आहे. तो वापरायला भारी यंत्र लागत नाही, साग कधी पान टाकतो हे माहीत असावं लागतं. पक्ष्यांचंही तसंच आहे. गेमसाठी तयार ध्वनिमुद्रणांचे संग्रह विकत मिळतात, आणि त्यांतून उचललेली किलबिल कुठल्याही खंडातल्या कुठल्याही जंगलाला चिकटवली जाते. इथे मात्र पावशा ओरडू लागला की पेरणी जवळ आली, आणि घाटात शीळकरी कस्तुराची शीळ घुमू लागली की पावसाळा बसला. ज्याला हे ठाऊक आहे त्याच्यासाठी तो आवाज पंचांगाचं काम करतो. ज्याला ठाऊक नाही, त्यालाही खेळता खेळता ते शिकवता येतं.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. असली जिवंत सृष्टी उभी करायची तर शेकडो माणसं आणि मोठं भांडवल लागतं, इथल्या चार-पाच जणांच्या चमूला ते कसं झेपायचं? पण वातावरणासाठी गाजलेल्या खेळांचा इतिहास नेमका उलट सांगतो. कोनामीच्या 'सायलेंट हिल'मध्ये (१९९९) सगळं शहर धुक्यात बुडालेलं आहे. त्या काळच्या प्लेस्टेशनला दूरवरचं दृश्य एका दमात रेखाटता येत नव्हतं, म्हणून ती मर्यादा धुक्याने आणि काळोखाने झाकली गेली. शिवाय राक्षस जवळ आला की नायकाच्या खिशातला रेडिओ खरखरतो. दिसत काहीच नाही, पण ती खरखर ऐकून पाऊल अडखळतं. डेन्मार्कच्या प्लेडेड या छोट्या स्टुडिओचा 'लिंबो' (२०१०) तर रंगांशिवायच उभा आहे. काळ्या-करड्या छाया आणि अतिशय काटकसरीने वापरलेला आवाज, एवढंच त्याचं भांडवल. आषाढात माळशेज घाटात ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा समोरच्या गाडीचे दिवेसुद्धा अगदी जवळ आल्यावर दिसतात. जे दाखवायचं नाही ते झाकायचं काम तिथे ढगच करतात. स्वस्त मोबाइलवर चालणाऱ्या गेमला याहून सोयीचं दृश्य कुठलं असणार?

जागेच्या रचनेबाबत नाणेघाटाकडून फार शिकण्यासारखं आहे. मुरबाडच्या बाजूने, वैशाखऱ्याकडून निघालं की आधी झाडीची सावली आणि बेताची चढण असते. मग वाट खडी होते, दगडी पायऱ्या लागतात, वर सातवाहनकालीन लेणं येतं आणि त्यात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख. शेवटी दोन्हीकडचे कातळ जवळ येऊन अरुंद खिंड होते, आणि तिच्या तोंडाशी एकदम पठार खुलतं. पावसाळ्यात इथला वारा कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडवतो. कोकणातल्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा व्यापारी माल याच वाटेने चढे, आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही वर उभा आहे. आवळत नेऊन मग मोकळं करायचं, थकवून मग दूरवरचं दाखवायचं, हे तंत्र गेमचे रचनाकार मेहनतीने शिकतात. फुमितो उएदा यांच्या 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये (२००५) सोळा महाकाय प्राणी आणि त्यांच्यामधला अफाट मोकळा प्रदेश आहे. घोड्यावरून तो तुडवताना संगीत वाजत नाही, टापा आणि वारा ऐकू येतो. संगीत येतं ते लढाईच्या वेळी. ती लांबलचक शांतता काढून टाकली तर लढाईचं वजनच जाईल. नाणेघाटाची चढण कापून पर्यटकाला थेट खिंडीत उतरवलं तर त्या पठाराचंही तेच होईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो खेळणाऱ्यांकडूनच येतो. खेळ म्हणजे नियम. बुद्धिबळाला कुठे वातावरण लागतं? आज मुरबाड-शहापुरातल्या तरुणाच्या हातात गेम असतो तो बहुधा मोबाइलवरचा, बीजीएमआय किंवा तसाच एखादा गोळीबाराचा. जिंकण्यासाठी खेळणारे त्यात ग्राफिक्स मुद्दाम 'स्मूद'वर ठेवतात, सावल्या बंद करतात, म्हणजे फोन अडखळत नाही आणि शत्रू पटकन दिसतो. वातावरण इतकं मोलाचं असेल तर माणसं ते स्वतःहून का उतरवून ठेवतात? या आक्षेपातलं निरीक्षण अगदी खरं आहे. पण हेच खेळाडू इअरफोन कधी काढत नाहीत. पावलं वरच्या मजल्यावर की खालच्या, गवतात की लाकडी फळीवर, गोळी टेकडीमागून आली की घरातून, हे सगळं ते कानाने ओळखतात. म्हणजे त्यांनी उतरवली ती सजावट, आणि जपला तो वातावरणाचा नियमांत मुरलेला भाग. कुठलं वातावरण वरवरचं आणि कुठलं खेळाचं स्वतःचं, याची यापेक्षा प्रामाणिक चाचणी मला दिसत नाही. बुद्धिबळाचं उत्तर 'टेट्रिस'ने दिलेलं आहे. १९८४ चा तो खेळ नियमांच्या शुद्धतेचा नमुना मानला जातो. २०१८ मध्ये 'टेट्रिस इफेक्ट' आला. ठोकळे तेच, रचण्याची मूळ रीत तीच, मुख्यतः प्रत्येक हालचालीला संगीत आणि उजेड जोडला गेला, आणि जवळपास त्याच नियमांतून वेगळा अनुभव उभा राहिला. नियमांवर खेळ उभा राहू शकतो हे कबूलच आहे, पण नियम पुरेसे आहेत म्हणून वातावरण फालतू ठरत नाही.

आता पुण्याकडे. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैलीचे रंग, आणि कथाभाग सांगायला सावल्यांच्या बाहुल्या, असं त्याचं दृश्यविश्व आहे. भारतीय म्हणून ओळख पटावी असं वातावरण भारतातल्या छोट्या चमूला घडवता येतं, हे त्याने सिद्ध केलं, आणि त्याचं मोल मोठं आहे. सुपरगेमिंगचा 'इंडस बॅटल रॉयल' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. तो भारतीय खुणांमधून भविष्याची कल्पना करतो. दोन्ही पुण्यात घडले, पण एकाने पुराणातला महाल निवडला आणि दुसऱ्याने परग्रह. पुण्याच्या अगदी उशाशी असलेला सह्याद्री दोघांनीही घेतला नाही. निवडीचा हक्क त्यांचाच, आणि जगाच्या बाजारात महाल लवकर ओळखू येतो हेही खरं. तरी मराठी वाचकाला हे खटकायला हवं, कारण ज्या भूगोलावर आपण पोवाडे, कादंबऱ्या आणि ट्रेकिंगची पुस्तकं लिहिली, तो खेळायला मिळतो तेव्हा अमेरिकेहून आलेला आणि माणसांशिवायचा असतो.

वातावरण घडवण्याची कला इथे परकी नाही. ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरपट्ट्यातला बोहाडा हा सोंगांचा उत्सव रात्री चालतो. टेंभ्यांच्या हलत्या उजेडात, संबळ आणि सनईच्या तालावर, मोठाले मुखवटे चढवलेली सोंगं एकामागून एक येतात. सोंग आधी ऐकू येतं, मग उजेडाच्या कडेला हलताना दिसतं आणि मग अंगावर येतं. उजेड किती ठेवायचा, येणाऱ्याला किती वेळ लपवायचं, वाद्याने कधी इशारा द्यायचा, याचा हिशोब त्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. 'सायलेंट हिल'च्या रेडिओचं काम संबळ फार आधीपासून करतं आहे.

इथेच तिसरा आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी यांचं जग उचलून कुणी बाहेरच्याने भीतीचा किंवा गूढतेचा माल बनवला तर? मुखवटा म्हणजे भूत, जंगल म्हणजे धोका, आदिवासी म्हणजे वाटेत भेटणारा गूढ म्हातारा, ही वाट फार सोपी आहे आणि सिनेमाने ती वापरून झिजवली आहे. याला नुसत्या सद्‌भावनेचं उत्तर पुरत नाही, कामाची पद्धत बदलावी लागते. अलास्कातल्या इन्युपियाक लोकांच्या कथेवरचा 'नेव्हर अलोन' (२०१४) कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या तिथल्या आदिवासी संस्थेने पुढाकार घेऊन, ई-लाइन मीडियाबरोबर बनवला. निवेदन इन्युपियाक भाषेत आहे, आणि खेळताना मध्येमध्ये समाजातल्या लोकांच्या मुलाखतींच्या छोट्या फिल्म उघडत जातात. त्यातलं हिमवादळ भयंकर आहे, पण ते त्यांच्या घरचं वादळ आहे. त्यात कसं अंग टेकवून टिकायचं हे त्यांना माहीत आहे, आणि गेमचा नियमही तोच: वारा सुटला की जमिनीला चिकटून राहायचं.

शहापूर-मुरबाडचं रान असं घरच्या नजरेतून पाहिलं तर काय दिसतं? दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य होतो, म्हणजे बिबट्या हा मारायचा शत्रू नाही. त्याच्याशी अंतर राखून, मान देऊन नांदायचं आहे. २००९ मध्ये माळशेज घाटात कॉलर लावून सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला होता. गावं, रूळ, महामार्ग यांमधून त्याने वाट काढली आणि कुणावर हल्ला केला नाही. उन्हाळ्यात राब भाजल्याचा धूर, जुलैत गुडघाभर चिखलातली आवणी, आणि मे महिन्यातली पाण्याची ओढ हेही याच वातावरणाचे भाग आहेत. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. एका हंड्याचं वजन, विहिरीच्या तळाशी उरलेलं पाणी, टँकरचा दुरून येणारा आवाज, यांवर उभा राहणारा खेळ धबधब्यांच्या खेळाहून कमी ताणाचा नसेल. तो बनवायला आज चार जणांचा चमू, मोफत मिळणारं गेम इंजिन आणि एक बऱ्यापैकी ध्वनिमुद्रक पुरे आहे. त्या चमूत किन्हवलीचा किंवा टोकावड्याचा कुणी असावा, पाहुणा सल्लागार म्हणून नव्हे तर रचनाकार म्हणून, आणि गेममधली माणसं तिथली बोली बोलणारी असावीत. तशी मुलं तालुक्याच्या कॉलेजांत संगणक शिकत आहेत आणि फावल्या वेळात बीजीएमआय खेळत आहेत.