औजारांच्या धारेवर घर्षणाने चढविलेला धातूचा थर

नांगराचा फाळ, वखराची पास, रोटाव्हेटरची पाती ही सर्व जमिनीत झिजतात. झीज मुख्यत्वे टोकास व धारेस होते. वाळूतील गारेचे कण साध्या पोलादाहून कठीण असल्यामुळे ते धातूस सतत खरवडतात. फाळ बोथट झाला म्हणजे नांगरट उथळ होते, बैलांस ओढ जड जाते, किंवा ट्रॅक्टरला डिझेल अधिक लागते. सबंध औजार अतिकठीण धातूचे केल्यास ते महाग पडते व दगडावर आदळून तुटण्याचा संभव असतो. यास्तव अंग चिवट पोलादाचे ठेवून केवळ धारेवर कठीण थर चढविणे हिताचे होय. असा थर चढविण्याची एक रीत घर्षणाची आहे. तिच्या पेटंटासाठी क्लॉपस्टॉक व नीलँड्स यांनी १९४१ साली इंग्लंडात अर्ज केला होता.

कृती

कठीण पोलादाची गोल कांब यंत्रात घट्ट धरून वेगाने फिरवितात व पोलादी पट्टीवर जोराने दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने कांबेचे टोक लाल होऊन मळलेल्या कणकेसारखे मऊ होते. परंतु वितळत नाही. मग पट्टी हळूहळू पुढे सरकवितात. मऊ धातू तिला चिकटून मागे राहतो व अखंड थर तयार होतो. थराची रुंदी सुमारे कांबेच्या जाडीइतकी, तर जाडी बहुधा १ ते २ मिलिमीटर असते.

गुण व मर्यादा

विजेच्या वेल्डिंगमध्ये दोन्ही धातू वितळून एकमेकांत मिसळतात, त्यामुळे पहिल्या थराचा कठीणपणा काहीसा उणावतो. घर्षणाच्या रीतीत अशी मिसळ फारच थोडी होते. मात्र थराच्या दोन्ही कडा नीट चिकटत नाहीत. त्या घासून काढाव्या लागतात. शिवाय मजबूत व भारी यंत्र लागते. त्यामुळे ही रीत कारखान्यातच साधते. यंत्रांच्या लांब सुऱ्यांच्या धारा अशा प्रकारे कठीण केल्या गेल्या आहेत. ड्रिल किंवा ग्राइंडरवर हा प्रयोग कोणीही करू नये. त्यांना इतका दाब पेलत नाही व कांब निसटून गंभीर इजा होते.

गावात काय करावे?

तत्त्व तेच ठेवून गावाजवळच्या वेल्डिंगच्या दुकानातही काम साधता येते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस पुढील गोष्टी समजावून द्याव्यात.

१. फाळ पूर्ण झिजण्यापूर्वीच, हंगामाआधी थर चढवून घ्यावा.

२. साध्या वेल्डिंग सळईने भरलेला थर लवकर झिजतो. कठीण थरासाठी असलेली सळईच मागावी.

३. वाळूच्या जमिनीत फार कठीण थर टिकतो; दगडगोट्यांच्या जमिनीत किंचित मऊ पण चिवट थर बरा, नाही तर तो टवके उडून निघतो.

४. थर धारेच्या एकाच अंगास द्यावा. दुसरे मऊ अंग आधी झिजून धार आपोआप राहते.

५. थर दिल्यावर औजार पाण्यात बुडवू नये. सावकाश निवू द्यावे, अन्यथा तडे जातात.

६. बिडाच्या फाळास व कारखान्यातून पाणी देऊन आलेल्या पात्यांस माहितगार कारागिराखेरीज कोणाकडूनही वेल्डिंग करवू नये.

प्रथम एकाच फाळास थर देऊन तो साध्या फाळाशेजारी त्याच शेतात चालवावा. दोहोंची झीज व खर्च यांची तुलना केल्यास आपल्या जमिनीत हा उपाय परवडतो किंवा नाही, हे शेतकऱ्यास स्वतःच ठरविता येईल.