‘आनंद’ ग्रंथात आहे, पण शोधात सापडत नाही : सी भाषेतील अक्षरतुलनेचा घोळ

पाली तिपिटकाचा रोमन लिपीतील मजकूर आज सहज मिळतो आणि संगणक शिकणारे आपले अनेक तरुण त्यावर शब्दकोश, शोधयंत्र, ॲप करू पाहतात. त्यांची पहिली अडचण अशी. मजकुरात ‘आनंद’ हे नाव मोठ्या ‘ए’ने लिहिलेले असते आणि त्या ‘ए’वर दीर्घ उच्चाराची आडवी रेघ असते. वाचक तेच नाव लहान अक्षरांत टाइप करतो. प्रोग्राम सांगतो, सापडले नाही. वाचकाला वाटते, ग्रंथात हा शब्दच नाही. चूक प्रोग्रामची, आणि बदनामी ग्रंथाची!

सी भाषेतील ‘टोलोअर’ हे फंक्शन एका वेळी एकच बाइट पाहते. युटीएफ-८ मध्ये रेघेचा ‘ए’ 2 बाइटचा असतो, खाली टिंब असलेला ‘एम’ 3 बाइटचा. त्यामुळे ‘स्ट्रकेसकम्प’ साध्या ‘ए’ ते ‘झेड’पुरतेच लहान-मोठे एक मानते, बाकी बाइट जसेच्या तसे ताडून पाहते. शिवाय अनेक कंपायलरमध्ये ‘चार’ प्रकार ऋण किंमतही धरतो. अशी किंमत ‘टोलोअर’ला दिली तर काय होईल याची हमी सी भाषा देत नाही. म्हणून आधी ‘अनसाइन्ड चार’ करून घ्यावे.

उपाय म्हणजे ‘सेटलोकेल’ करून, ‘एमबीएसटोडब्ल्यूसीएस’ने मजकूर रुंद अक्षरांत आणून ‘टोडब्ल्यूलोअर’ वापरणे. ‘आनंद’ एवढ्याने सापडतो. पण जगातल्या सगळ्या भाषा एवढ्यावर ऐकत नाहीत. जर्मनमधील एक अक्षर दुहेरी ‘एस’च्या बरोबरीचे असते, म्हणजे तुलनेत शब्दाची लांबीच बदलते. ग्रीकमध्ये लहान सिग्माची दोन रूपे आहेत. तुर्कीत टिंबाचा आणि बिनटिंबाचा ‘आय’ ही वेगळी अक्षरे आहेत. यासाठी युनिकोडने ‘केस फोल्डिंग’चा तक्ता दिला आहे, आणि आयसीयू लायब्ररीतील ‘यू-स्ट्रकेसकम्पेअर’ त्यानुसार काम करते. माझ्या मते स्वतःचा तक्ता लिहीत बसू नये, हेच वापरावे.

पालीचा अनुस्वार मात्र काही छापतात ‘एम’खाली टिंब देऊन, काही वर टिंब देऊन. केस फोल्डिंग हे दोन्ही एक करत नाही. मग कोणी सगळ्या खुणाच पुसून टाकतो. त्याने ‘कम’ म्हणजे क्रम आणि ‘काम’ म्हणजे वासना, रोमनमध्ये एकच होऊन बसतात! खुणा गाळून शोधायला हरकत नाही, पण तंतोतंत जुळणारे आधी दाखवावेत.

हाच खुणा पुसणारा कोड देवनागरीवर चालवू नका. युनिकोडच्या लेखी उकार आणि हलन्त हीसुद्धा जोडखुणाच, त्यामुळे ‘बुद्ध’चे ‘बदध’ होते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसली तरी आपला घोळ वेगळा आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य कोणी ऱ आणि हलन्त देऊन लिहितो, कोणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे. शिष्यवृत्तीच्या यादीत ‘कऱ्हाडे’ असूनही सापडत नाही, त्याचे कारण असे असू शकते. युनिकोडचे प्रमाणीकरण ही दोन रूपे एक करत नाही. तुलनेआधी दुसरे रूप पहिल्यात बदलणारी ओळ आपणच लिहावी लागते, साठवलेल्या मजकुरासाठी आणि वाचकाने टाइप केलेल्या शब्दासाठीही.