गोलंदाजाचा फॉर्म धावफलकावरून कसा ओळखावा

फँटसी क्रिकेटमध्ये कागदावरचा संघ निवडणारा प्रत्येक जण एका प्रश्नाशी अडतो. मागच्या चार-पाच सामन्यांत या गोलंदाजाने जे केले, त्यावरून पुढच्या सामन्यात तो काय करील? टी-ट्वेंटीत गोलंदाजाच्या वाट्याला फार तर चार षटके, म्हणजे चोवीस चेंडू येतात. एवढ्या थोड्या चेंडूंत कौशल्य किती दिसले आणि नशीब किती, हे वेगळे काढता आले तरच ‘फॉर्म’ या शब्दाला काही अर्थ उरतो.

हा प्रश्न आधी बेसबॉलमध्ये नीट विचारला गेला. १९८० साली डॅनियल ओक्रेंट या अमेरिकन पत्रकाराने काही मित्रांसह खऱ्या खेळाडूंच्या खऱ्या आकड्यांवर चालणारी एक काल्पनिक स्पर्धा सुरू केली. आजच्या फँटसी बेसबॉलची, आणि पर्यायाने फँटसी क्रिकेटचीही, ती सुरुवात मानतात. बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर, म्हणजे तिथला गोलंदाज, साधारण दर पाचव्या दिवशी मैदानात उतरतो. महिन्याकाठी त्याच्या पाच-सहाच कामगिऱ्या हाती लागतात आणि तेवढ्यावरूनच त्याला ठेवायचे की सोडायचे हे ठरवावे लागते. २००१ मध्ये बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या वोरोस मॅकक्रॅकन यांनी या विचाराला वेगळे वळण दिले. फलंदाजाने मारलेला चेंडू एकदा मैदानात गेला की तो झेल होईल की फटका, यावर पिचरचा ताबा लोक समजतात त्याहून खूप कमी असतो, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. म्हणून पिचरचे मोल ठरवताना त्याच्या स्वतःच्या हातातल्या गोष्टी आधी पाहाव्यात, हा विचार तिथे रुजला. तो क्रिकेटला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण क्रिकेटमध्ये फलंदाजाचा फटका चुकवणे हेही गोलंदाजाचेच काम आहे. दिशा मात्र तीच धरावी.

सर्वांत फसवा आकडा बळींचा. समजा, एक चांगला गोलंदाज सरासरी दर १८ चेंडूंना एक बळी घेतो. चार षटकांत त्याला एकही बळी न मिळण्याची शक्यता साध्या गणिताने सुमारे २५ टक्के निघते. म्हणजे त्याचे कौशल्य तसूभरही कमी झाले नसले, तरी दर चार सामन्यांतला एक तो रिकाम्या हाताने परतणार. तीन किंवा अधिक बळी त्याला साधारण सात सामन्यांतून एकदा मिळतील. असे समान कुवतीचे ५० गोलंदाज प्रत्येकी १४ सामने खेळले, तर त्यांतल्या सुमारे सात जणांच्या वाट्याला हंगामात कधी ना कधी सलग तीन बिनबळींचे सामने येतील, तेही निव्वळ योगायोगाने. त्या सात जणांचा ‘फॉर्म गेला’ असे म्हणून लोक त्यांना संघातून काढतात आणि नुकतेच तीन बळी घेतलेल्याच्या मागे धावतात. ही सवय जितकी सार्वत्रिक आहे तितकीच चुकीची आहे.

बळीमागे क्षेत्ररक्षकाचा हातही असतो. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये झालेल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताविरुद्ध दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या. हार्दिक पंड्याचा पहिलाच चेंडू फुलटॉस पडला आणि डेव्हिड मिलरने तो उंच मारला. सीमारेषेबाहेर जाणारा तो चेंडू मुंबईच्या सूर्यकुमार यादवने रेषेवर आत-बाहेर करत झेलला. धावफलकात नोंद झाली ती हार्दिकच्या बळीची. तोच चेंडू दोन हात पलीकडे पडला असता तर षटकार होता. हार्दिकच्या नावावर ३ षटकांत २० धावा आणि ३ बळी, तर जसप्रीत बुमराहच्या नावावर ४ षटकांत १८ धावा आणि २ बळी लागले. फँटसीच्या हिशेबात हार्दिकचे बळी जास्त. पण ३० चेंडूंत ३० धावा हव्या असताना सोळाव्या षटकात चार आणि अठराव्या षटकात फक्त दोन धावा देऊन सामना वळवण्यात बुमराहचा वाटा मोठा होता, आणि ती कामगिरी पुढच्या सामन्याविषयी अधिक काही सांगते.

सगळे बळीही सारखे नसतात. त्याच स्पर्धेत २३ जूनला इंग्लंडच्या ख्रिस जॉर्डनने अमेरिकेविरुद्ध एकाच षटकातल्या पाच चेंडूंत चार बळी घेतले, त्यांत हॅट-ट्रिकही आली. शेवटचे तिघे तळाचे फलंदाज होते. गुण तेवढेच मिळतात, त्यामुळे खेळणाऱ्याला तक्रार नसते. पण पुढच्या सामन्यात सलामीच्या जोडीसमोर हाच गोलंदाज काय करील, याचा अंदाज त्या चार बळींवरून बांधता येत नाही.

धावांचा आकडा बळींपेक्षा अधिक बोलका असतो, कारण प्रत्येक चेंडूवर काहीतरी नोंदले जाते. पण तो एकटा वाचून चालत नाही; सामन्याच्या धावगतीशेजारी ठेवून वाचावा लागतो. २७ मार्च २०२४ रोजी आयपीएलमध्ये हैदराबादला सनरायझर्सने मुंबई इंडियन्सविरुद्ध ३ बाद २७७ धावा केल्या. बुमराहच्या नावापुढे ४ षटके, ३६ धावा, बळी नाही, एवढेच लिहिले गेले. फँटसी संघात त्याला कर्णधार केलेल्यांची त्या रात्री निराशा झाली असेल. परंतु उरलेल्या १६ षटकांत इतर गोलंदाजांनी २४१ धावा दिल्या होत्या, म्हणजे षटकामागे १५. ज्या डावात बाकीच्यांना षटकामागे १५ धावा पडल्या, त्यात बुमराहने ९ दिल्या. षटकामागे सहा धावा वाचवणारी ही कामगिरी त्या डावातली सर्वोत्तम होती आणि गुणांच्या यादीत ती जवळजवळ अदृश्य राहिली. त्या हंगामात सर्वाधिक बळींची पर्पल कॅप हर्षल पटेलला मिळाली: २४ बळी, षटकामागे ९.७३ धावा. बुमराहचे २० बळी होते, षटकामागे ६.४८ धावा. हर्षलचे यश खोटे ठरत नाही. शेवटच्या षटकांत फलंदाज जिवावर उदार होऊन मारतात, त्या वेळी संथ चेंडू टाकून बळी मिळवणे हीही कला आहे. पण पुढच्या हंगामासाठी दोघांपैकी कोणावर विसंबावे असे विचारले, तर चार बळींच्या फरकापेक्षा षटकामागच्या सव्वातीन धावांचा फरक जास्त वजनाचा आहे.

षटके डावाच्या कोणत्या भागात टाकली, हेही याच ओघात पाहावे. पॉवरप्लेच्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात. मधल्या षटकांत फलंदाज एकेरी धावा घेत सावरतो. शेवटच्या चार-पाच षटकांत धावा जास्त पडतात आणि बळीही पटापट मिळतात. कर्णधाराने एखाद्याला मधल्या षटकांतून काढून शेवटच्या षटकांत लावले, तर त्याची इकॉनॉमी, म्हणजे षटकामागच्या धावा, बिघडते आणि बळी वाढतात; गोलंदाज तोच असतो. म्हणून अलीकडच्या सामन्यांत त्याला पूर्ण चार षटके मिळतात का आणि कधी मिळतात, ही माहिती बळींच्या संख्येहून उपयोगी ठरते. ती लवकर बदलते आणि बदलली की थेट गुणांवर परिणाम करते.

यानंतर येते जमीन. सौरभ नेत्रावळकर हा मुंबईकर डावखुरा गोलंदाज भारताकडून १९ वर्षांखालील विश्वचषक आणि पुढे मुंबईकडून रणजी सामना खेळून अमेरिकेत गेला, तिथे संगणक अभियंता झाला आणि अमेरिकेकडून खेळू लागला. ६ जून २०२४ रोजी डलासला पाकिस्तानविरुद्ध त्याने ४ षटकांत १८ धावा देऊन २ बळी घेतले. नंतर सुपर ओव्हर टाकून सामनाही जिंकून दिला. १२ जूनला न्यूयॉर्कजवळ भारताविरुद्ध पुन्हा ४ षटके, १८ धावा, २ बळी, आणि ते बळी विराट कोहली व रोहित शर्मा यांचे. आकडे हुबेहूब सारखे. पण डलासला दोन्ही संघांनी प्रत्येकी १५९ धावा केल्या होत्या, षटकामागे जवळपास आठ. न्यूयॉर्कची खेळपट्टी बाहेर तयार करून आणून बसवलेली होती आणि तिच्यावर चेंडू कसाही उसळत होता. त्या सामन्यात षटकामागे सहाही धावा झाल्या नाहीत. सामन्याच्या मानाने पाहिले तर डलासला त्याने षटकामागे साडेतीन धावा वाचवल्या आणि न्यूयॉर्कला सव्वा. नावे मोठी असल्याने लक्षात राहिली ती दुसरी कामगिरी. कसब मात्र पहिलीत अधिक होते.

जमिनीचा हा परिणाम रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या किनाऱ्यावर उघड्या डोळ्यांनी दिसतो. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या ओल्या, घट्ट वाळूवर टेनिस बॉल नीट उसळतो आणि वेगाने येतो. चार पावले वर कोरड्या वाळूत तोच चेंडू रुतून बसतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की तो पाठीशी घेऊन टाकणारा झपाट्याचा वाटतो आणि वाऱ्याच्या तोंडाला टाकणाऱ्याचा चेंडू हवेत तरंगतो. किनाऱ्यावर हे सगळ्यांना ठाऊक असते. मोठ्या मैदानांचे धावफलक वाचताना मात्र तीच गोष्ट विसरली जाते.

एजाज पटेलइतके याचे ठळक उदाहरण दुसरे नाही. मुंबईत जन्मलेल्या आणि लहानपणी न्यूझीलंडला गेलेल्या या फिरकी गोलंदाजाने डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर भारताच्या एका डावातले सर्व दहा बळी ११९ धावांत घेतले. कसोटीत हा पराक्रम त्याच्याआधी जिम लेकर आणि अनिल कुंबळे या दोघांनीच केला होता. आणि लगेचच्या बांगलादेशविरुद्धच्या मायदेशातल्या मालिकेसाठी न्यूझीलंडने त्याला संघातच घेतले नाही. निर्णय ऐकायला क्रूर वाटतो. पण तिथल्या हिरव्या, वेगवान खेळपट्ट्यांवर फिरकीला काम नव्हते आणि निवड समितीने मागच्या सामन्याच्या आकड्याऐवजी पुढच्या मैदानाकडे पाहिले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तोच एजाज वानखेडेवर परतला आणि त्याने सामन्यात ११ बळी घेतले. २०२१ च्या दुसऱ्या डावातले बळी धरून त्या एका मैदानावर दोन कसोटींत २५ बळी. फँटसी संघ निवडणाऱ्याने एजाजचा फॉर्म विचारण्याआधी सामना कुठे आहे हे विचारायला हवे.

स्थानिक स्पर्धांत ही अडचण थोडी कमी होते. महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या २०२३ आणि २०२४ या पहिल्या दोन्ही हंगामांत रत्नागिरी जेट्स विजेते ठरले, आणि हे सामने पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर झाले. सगळे एकाच मैदानावर टाकत असतील तर दोन गोलंदाजांची तुलना बरीच न्याय्य होते. पण स्पर्धा जूनमधली. पाऊस नवीच अडचण आणतो. २०२३ चा अंतिम सामना पावसाने पूर्णच होऊ दिला नाही आणि गुणतक्त्यातल्या स्थानावरून जेट्सला विजेते घोषित केले गेले. सामना बारा षटकांचा झाला तर बहुतेक गोलंदाजांना दोनच षटके मिळतात, मग बळींची अपेक्षाही निम्मी होते. अशा सामन्यातले ‘बळी नाही’ हे शब्द हिशेबात धरूच नयेत.

मग अलीकडच्या सामन्यांना वजन द्यायचे किती? एक सोपी रीत आहे. समजा, एखाद्याने आधीच्या ६०० चेंडूंत ३३ बळी घेतले होते, म्हणजे साधारण दर १८ चेंडूंना एक. गेल्या पाच सामन्यांतल्या १२० चेंडूंत त्याला तीनच मिळाले. नुसते हे पाच सामने पाहिले तर तो दर ४० चेंडूंना एक बळी घेणारा सामान्य गोलंदाज वाटतो. दोन्ही एकत्र केले तर ७२० चेंडूंत ३६ बळी, म्हणजे दर २० चेंडूंना एक. चार षटकांतली अपेक्षा १.३ वरून १.२ वर आली, एवढेच. इतक्याशा फरकासाठी कोणी भरवशाचा गोलंदाज सोडू नये.

ही रीत एका ठिकाणी मात्र सोडावी लागते. गोलंदाजाच्या शरीरात बदल झाला असेल, तर जुने चेंडू वेगळ्याच माणसाने टाकलेले असतात. वेग सातत्याने पाच-सात किलोमीटरने उतरणे, यॉर्करऐवजी वारंवार फुलटॉस पडणे, नव्या चेंडूचे पहिले षटक दुसऱ्याला दिले जाणे, ही चिन्हे बळींच्या आकड्याआधी दिसतात. जानेवारी २०२५ मध्ये सिडनी कसोटीत बुमराहला पाठीच्या दुखण्याने मैदान सोडावे लागले आणि तो थेट एप्रिलमध्ये आयपीएलमध्ये परतला. अशा पुनरागमनात पहिल्या दोन-तीन सामन्यांतले बळी पाहू नयेत; वेग, टप्पा आणि कर्णधाराने दिलेली षटके पाहावीत.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि २००८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम इलेव्हन या फँटसी खेळांच्या कंपनीने आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. पैसे न लावता मित्रमंडळींत संघ निवडणे चालूच आहे. तिथे सर्वांत महाग चूक कर्णधार निवडताना होते, कारण त्याचे गुण बहुतेक नियमावल्यांत दुप्पट धरतात. बळींवर जगणाऱ्या गोलंदाजाचे गुण एका सामन्यात शंभरावर जातात आणि पुढच्यात पाच-दहावर येतात. दुप्पट केल्यावर ही उसळीही दुप्पट होते. कर्णधारपद द्यायचेच असेल तर चारही षटके हमखास मिळणाऱ्या, पॉवरप्ले आणि शेवटची षटके दोन्हींत टाकणाऱ्या आणि त्या मैदानाला साजेशा गोलंदाजाला द्यावे, मागच्या सामन्यात त्याची बळींची पाटी कोरी असली तरीही.