मेलेला गडी जिता कसा होतो?

मे महिन्यातली अकोल्याची दुपार म्हणजे घराबाहेर पाय ठेवायची सोय नाही. कुलरसमोर संगणक मांडून मी ‘पोकेमॉन रुबी’ खेळत होतो आणि आबा मागच्या दिवाणावर पडून बघत होते. माझा ब्लेझिकन आडवा झाला. मी दुसरा प्राणी पुढे काढला, पिशवीतलं ‘रिव्हाइव्ह’ वापरलं आणि चार डाव झाल्यावर ब्लेझिकन पुन्हा मैदानात हजर. आबा उठून बसले.

“हा मेला होता ना? मंग मधातच जिता कसा झाला?”

“मेला नाई आबा, बेशुद्ध पडला होता.”

“तुह्यावाल्यानं समोरचा गडी तं मारला नाई अजून. फुकटात जिता झाला?”

आबा तरुणपणी हुतुतू खेळलेले. तेव्हा मला हसू आलं. पण अशा लढायांच्या खेळांबद्दल इतका नेमका प्रश्न त्यानंतर मी कुणाकडून ऐकला नाही. पडलेल्याला उठवायची किंमत कोण मोजतं?

पार्श्वभूमी उरकून घेतो. लहानपणी किडे गोळा करणाऱ्या सातोशी ताजिरींनी पोकेमॉन हा खेळ रचला. तो २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात गेमबॉयवर आला. आपल्याकडे २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर त्यावरची मालिका आली. डिसेंबर २०१६ मध्ये जिओशी हातमिळवणी करून ‘पोकेमॉन गो’ अधिकृतपणे भारतात उतरला आणि रिलायन्सची दुकानं खेळातले थांबे झाली. बस.

आता माझ्या आवडीचा भाग. सोबत सहाच प्राणी ठेवता येतात. ज्याची ताकद शून्यावर गेली तो बेशुद्ध. मरण हा शब्दच नाही, आणि ते ताजिरींनी जाणूनबुजून केलं होतं. मुलांच्या मनात मरणाची भलती कल्पना रुजू नये, असं त्यांनी १९९९ मध्ये ‘टाइम’ला सांगितलं होतं. पोकेमॉन सेंटरमध्ये उपचार फुकट. रानात अडकलात तर मात्र रिव्हाइव्ह हवं. ‘रुबी’त त्याची किंमत १५००, आणि उठलेल्या प्राण्याला ताकद निम्मीच मिळते. खरी किंमत तर पैशात नाहीच. लढाईच्या मधात औषध द्यायचं म्हणजे तुमची पाळी गेली, त्या वेळात समोरचा एक टोला हाणून घेतो. आबांना मी हे तेव्हा सांगायला हवं होतं. फुकटात काही नव्हतं.

एक संजीवनी मुळीही आहे. तिनं पूर्ण ताकद येते, पण ती इतकी कडू की प्राण्याचा तुमच्यावरचा जीव कमी होतो. लहानपणी किराईताचा काढा पाजणाऱ्या आजीवर आमचाही तेवढ्यापुरता राग असायचा; हे लिहिणारा जपानी माणूस कुठल्या तरी आजीच्या हाताखालून गेलेला असणार.

आणि आता आबांचं हुतुतू, म्हणजे आपली कबड्डी. जुन्या कबड्डीचे तीन प्रकार सांगतात: संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बसलेला गडी उठतो. गामिनीत बाद तो बाद, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर. अमरमध्ये बाद झालेला मैदानातच राहतो, समोरच्याला फक्त गुण मिळतो. आजची कबड्डी यातल्या संजीवनीची लेक.

यातले दोन प्रकार मला पोकेमॉनमध्ये जसेच्या तसे दिसतात. ‘पोकेमॉन गो’मध्ये २०१८च्या अखेरीस दोन खेळाडूंच्या लढती सुरू झाल्या. त्यात हरलेल्या प्राण्याला नंतर औषधही लागत नाही, तो ठणठणीतच असतो. हा अमर. २०१० मध्ये एका अमेरिकन चित्रकथाकाराने स्वतःलाच नियम घालून घेतला की बेशुद्ध पडलेला मेला असं समजायचं आणि कायमचा सोडून द्यायचा. त्याला ‘नझलॉक’ म्हणतात, आणि ती शुद्ध गामिनी. मी एकदा खेळून पाहिलं. तिसऱ्या दिवशी एक पाळलेलं पाखरू गेलं आणि जेवण गेलं नाही. परत त्या वाटेला गेलो नाही.

पण सगळ्यात मजा लोणाची. कबड्डीत सातही गडी बाद झाले की समोरच्याला दोन जादा गुण, आणि हे सातही जण एकदम जिवंत. पोकेमॉनमध्ये सहाही पडले की डोळ्यांपुढे पांढरं होतं (‘व्हाइटआउट’), ‘रुबी’त निम्मे पैसे कापले जातात आणि तुम्ही शेवटच्या सेंटरवर, सगळे प्राणी ताजेतवाने. एकेकट्या पराभवाला दया नाही, सगळे मिळून हरलात तर मात्र पाटी कोरी. गुहेत भरकटलो की मी मुद्दाम हरून बाहेर निघायचो. भेकडपणा म्हणा, रस्ता वाचायचा.

मागच्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन मूर्तिजापूर-बडनेरा करत अमरावतीला गेलो, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. १९१४ ची ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्याच मंडळींनी तिथे कबड्डी करून दाखवली होती. संध्याकाळी पोरांचा सराव चालला होता. एका बाजूचा एकच पोरगा उरला, बाकी सहा रेषेबाहेर मांडी घालून. समोरच्यांनी त्याला मुद्दाम टिपायचं सोडलं होतं, कारण तो बाद झाला तर ते सहाही उठणार. पोरानं दोनदा मागे वळून बसलेल्यांकडे पाहिलं आणि सरळ मागच्या रेषेबाहेर पाय टाकला. एक गुण त्याचा, लोणाचे दोन. सहाही जण चड्ड्या झटकत उठले.

भाचा ओरडला, “मामा, व्हाइटआउट! पैसे किती कापले?”

“तीन गुण गेले.”

“लय स्वस्त,” तो म्हणाला.