फाइलच्या पाठीवरची चिठ्ठी

एक्स-प्लेन हा विमान उडवण्याचा खेळ. त्यासाठी कुणीतरी हौसेनं घडवलेलं विमान तुम्ही मॅकवर डाउनलोड करता, झिप उघडून खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवता. विमान धावपट्टीवर येतं, शेपटीवरचा रंग झळकतो, पण कॉकपिटमधले स्क्रीन काळेच! मॅक सांगतो, ही फाइल बनवणाऱ्याची ओळख पटत नाही. मग रंग कसा चालला?

रंग म्हणजे नुसतं चित्र, ते फक्त दिसतं. स्क्रीन जिवंत करणारं प्लगइन हा मात्र चालणारा प्रोग्रॅम. तो खेळाच्या पोटात शिरतो आणि खेळाला ज्या फाइल्स वाचता-पुसता येतात, त्या त्यालाही येतात. म्हणून त्याला दारातच अडवतात.

पण तो बाहेरून आला हे मॅकला कळलं कसं? खरी नवलाई इथे आहे. डाउनलोड करतानाच ब्राउझर फाइलच्या पाठीवर एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतो. फाइल कुणी आणली आणि कधी, हे त्या चिठ्ठीत असतं. वेळ मोजलेली असते १ जानेवारी १९७० पासून सरलेल्या सेकंदांत! झिप उघडली की आतल्या प्रत्येक फाइलला चिठ्ठी लागते, आणि तरी फाइलमधलं एक अक्षरही बदलत नाही. मॅकवर ही चिठ्ठी २००७ मध्ये आली. ती वाचून बनवणाऱ्याची डिजिटल सही तपासणारा 'गेटकीपर' २०१२ मध्ये.

विंडोजवरही २००४ पासून अशीच खूण आहे. तिथे 'झोन ३' म्हणजे इंटरनेट. गंमत म्हणजे फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर फाइल कॉपी केली की विंडोजची ही खूण गळून पडते, कारण तिथे ती ठेवायला जागाच नसते.

चिठ्ठी काढता येते. विंडोजवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'वर टिक करायची, तीही झिप उघडण्याआधी. मॅकवर सेटिंग्जच्या प्रायव्हसी विभागात 'ओपन एनीवे' म्हणायचं, किंवा टर्मिनलमधून त्या एका फोल्डरची चिठ्ठी पुसायची. पहारा मात्र सगळाच बंद करू नका.

कारण चिठ्ठी फाइलला वाईट म्हणत नाही, फाइल कुठून आली एवढंच सांगते. घडवणारा कोण, त्याचं आधीचं काम कसं, हे तपासणं आपल्याकडे. ते करून चिठ्ठी काढली की काळे स्क्रीन उजळतात.