साहेबांचा शेरा आणि माझी लाल शाई

१९७४ साली मी पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा माझ्या इंग्रजीचा मला भारी अभिमान होता. वडिलांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून घेतलेली, आणि वर वाक्प्रचारांची एक वही मी स्वतः केलेली. त्या वहीत ‘पुट अप विथ’ म्हणजे ‘सोसणे, चालवून घेणे’ असे लाल शाईने लिहिले होते. पुढचा सारा घोटाळा त्या लाल शाईने केला.

राजभाषेचा कायदा १९६४ चा. पण आमच्या साहेबांचे शेरे अजून इंग्रजीतच पडत. एके दिवशी माझ्या टेबलावर एका मयत शिपायाच्या पत्नीचे पेन्शनचे प्रकरण आले. जुने कागद वाळवीने खाल्लेले, शाई उडालेली. मी आपली टिपणी लिहिली की, मागील कागद धड वाचता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी फाईल परत. त्यावर शेरा: ‘पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स.’

मी वही आठवली आणि अर्थ लावला, ‘जुने कागद आहेत तसे चालवून घ्या!’ साहेब मोठे दिलदार, असे म्हणत मी ते कागद खणात टाकले, फाईलला फीत बांधली आणि प्रकरण मिटले असे समजून स्वस्थ बसलो.

त्या बाई दर सोमवारी येत. दाराजवळच्या बाकावर पोराला मांडीवर घेऊन बसत. “झालं का हो दादा?” मी सांगे, “साहेबांनी पाहिलंय, होईल आता.” असे पाच सोमवार गेले.

सहाव्या आठवड्यात हेडक्लार्कांनी ती फाईल माझ्या ढिगातून उपसली. “अहो, मागील कागदांसह सादर करा, म्हणताहेत साहेब! अंडी उबवताय काय?”

वाचकहो, कचेरीच्या इंग्रजीत ‘पुट अप’ म्हणजे साहेबांपुढे ठेवणे. शेऱ्यातला ‘विथ’ हा साधा ‘सह’. तो कागदांच्या बाजूचा. माझ्या वहीतला ‘विथ’ मात्र ‘पुट अप’च्या घरी कायमचा दत्तक गेलेला, त्याच्यात ‘सह’ उरलेलाच नाही. शब्द तेच तीन, फक्त मधला बांध सरकला. साहेबांनी ‘पुट’ आणि ‘अप’ यांच्यामध्ये एक ‘इट’ घातला असता, तर माझ्यासारख्या गाढवालाही कळले असते. कारण सादर करायचे असते तेव्हा कर्माला मध्ये शिरता येते. सोसायचे असते तेव्हा त्याने मुकाट्याने शेवटी उभे राहायचे!

डॉक्टर जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केले आहे की, क्रियापदाला जोडलेली ही शेपटेच परक्यांना सर्वांत अवघड जातात. मला ते वाचून जरा बरे वाटले. या क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र छापून आले ते लोगन पीअरसल स्मिथच्या १९२५ मधल्या पुस्तकात. रोग जुना, बारसे उशिरा.

आता नातवाला मी वही देत नाही, वाक्ये देतो. ‘लुक अप’ म्हणजे शब्द कोशात पाहणे. मागे ‘टु’ आला की एखाद्याला मान देणे. ‘रन आउट’ झाला तर फलंदाज तंबूत. पण ‘ऑफ’ लागला तर घरातली साखर संपली! तो कपाळाला हात लावतो. मी म्हणतो, बाबा रे, आपण तरी काय कमी? हाती लागणे, मागे लागणे, नादी लागणे, मार्गी लागणे. मराठी शिकणाऱ्या साहेबाला हे विचारून बघ.

पुढे ते पेन्शन मंजूर झाले. बाई हुकूम घ्यायला आल्या, त्या दिवशी पोर बरोबर नव्हते. कागद घडी करून त्यांनी पिशवीत ठेवला आणि विचारले, “सापडले म्हणायचे जुने कागद?”

“सापडले,” मी म्हटले.

पलीकडे हेडक्लार्क खाली मान घालून पानाला चुना लावत होते.